बाळ जन्मताच रडले

"बाळ जन्मल्याबरोबर रडलं होतं का?" मी विचारलं.

"रडलं की. चांगलं खणखणीत," सासूनं सांगितलं.

"तुम्ही होतात तिथे?"

"मी कशाला आसंल? पहिलं बाळंतपण हिच्या माहेरी झालं. पण कागद हाय ना आमच्यापाशी."

मी आईकडे पाहिलं. ती मांडीवरच्या मुलाच्या मुठीत अडकलेला अंगठा हळूच बाहेर काढत होती. तिनं काढला की तो पुन्हा आत जायचा, आणि तीही पुन्हा काढायची. मूल पावणेतीन वर्षांचं होतं, पण मान अजून डुगडुगत होती. आईचं नाव दैवशाला, मुलाचं सुदर्शन, सासूचं प्रयागबाई. एवढं लिहून माझी दहा मिनिटं संपली होती.

ही गोष्ट बारा वर्षांपूर्वीची. लहान मुलांच्या डॉक्टरकीच्या डिप्लोमाची प्रात्यक्षिक परीक्षा चालू होती आणि मला लाँग केस आली होती ती ही. लाँग केस म्हणजे पंचेचाळीस मिनिटं. एक मूल, त्याचे नातेवाईक आणि तुम्ही. त्यांच्याकडून हिस्ट्री, म्हणजे आजाराची पूर्वकथा, काढायची, मुलाला तपासायचं आणि मग परीक्षकांसमोर उभं राहून सगळं मांडायचं. तोपर्यंत पडद्याबाहेर पाऊल टाकायचं नाही. वॉर्डात हिरवे पडदे लावून सहा खण केले होते. माझ्या वाट्याला भिंतीकडचा खण आला होता. एका बाजूला भिंत, दुसरीकडे खाट, आणि बाहेर पडायच्या फटीत प्रयागबाई आपलं बोचकं घेऊन स्टुलावर बसलेल्या. त्यांना ओलांडून वारासुद्धा आत येत नव्हता.

माझी ही दुसरी खेप. जूनमध्ये मी नापास झाले होते. तेव्हा आमच्या विभागप्रमुख गांधलीकर मॅडम म्हणाल्या होत्या, "अस्मिता, तू आधी निदान ठरवतेस आणि मग हिस्ट्री त्याच्या मापाची शिवतेस." वडिलांनी त्या दिवशी मला फक्त जेवायला वाढलं. आमच्या डोईफोडे खानदानात दहावीच्या पुढे गेलेली मी पहिली, त्यामुळे माझं नापास होणं म्हणजे अख्ख्या गावाचं नापास होणं होतं. या वेळी मी ठरवूनच आले होते की अक्कल गहाण ठेवायची, आणि समोरचा सांगेल तेच लिहायचं.

"मान कधी धरली?"

"दिवाळीत," दैवशाला म्हणाली.

खेड्यातल्या आया महिने सांगत नाहीत, सण सांगतात. आपण जन्मतारखेपासून सणापर्यंत मोजायचं. हा शिमग्याच्या आधी जन्मलेला, म्हणजे मान आठव्या महिन्यात. धरायला हवी होती तिसऱ्या-चौथ्यात.

"आणि बसला?"

"गुढीपाडव्याला उशी लावून. आपला आपण म्हणाल तर दसऱ्याला, पुढल्या सालच्या. तेबी कलंडतो मधीच."

"रांगतो?"

"न्हाई."

"तिला काय इचारता," प्रयागबाई मधेच म्हणाल्या. "मुद्द्याचं मी सांगते. लेकरू जलमलं तवा सोन्यासारखं होतं. हिच्या भावानं पाडलं त्याला. बाजेवरून. सव्वा महिन्याचं होतं. अन् ह्या मायलेकींनी ते आमच्यापासून झाकून ठेवलं."

"झाकलं न्हाई, आत्या. मीच सांगितलं तुम्हाला," दैवशाला मुलाकडे बघतच म्हणाली.

"कधी सांगितलंस? त्या लातूरच्या डॉक्टरनं इचारल्यावर!"

दोघींकडून तुकड्यातुकड्यानं जे निघालं ते असं. मूल वर्षाचं झालं तरी बसेना म्हणून ते लातूरच्या एका खासगी डॉक्टरकडे गेले. त्यानं कार्ड पाहिलं. जन्म ठीकठाक, मग त्यानं सरळ विचारलं, कधी डोक्याला मार बसला होता का? दैवशालानं भोळेपणानं सांगितलं की सव्वा महिन्याचा असताना भावाच्या हातून बाजेवरून निसटला होता, पण खाली गोधड्या होत्या, रडला आणि लगेच प्यायला. तेवढं वाक्य पुरलं. त्या दिवसापासून भानुदास, म्हणजे तिचा धाकटा भाऊ, सासरच्यांच्या लेखी गुन्हेगार झाला. माहेर तुटलं. फोन बंद झाला. दोन भाऊबिजा ओवाळल्याशिवाय गेल्या.

"आता इथल्या मोठ्या डॉक्टरांनी तसं सांगितलं, की आमी मोकळे," प्रयागबाई म्हणाल्या. "मंग हिनं ठरवावं, भाऊ पायजे का नांदायचं हाय. माझ्या लेकाला दुसरं लेकरूबाळ नको का?"

दैवशालाचा हात थांबला. तिनं माझ्याकडे पाहिलं, पहिल्यांदाच. मी घाईघाईनं कागदावर लिहिलं: *पडल्याचा इतिहास, वय सव्वा महिना.*

"बेशुद्ध पडला होता? उलटी? झटके?"

"कायबी न्हाई, मॅडम. घोट घोट प्याला."

"मग कार्ड दाखवा."

प्रयागबाईंनी बोचक्यातून प्लॅस्टिकची पिशवी काढली, पिशवीतून फडकं, फडक्यातून कार्ड. ग्रामीण रुग्णालयाचं पिवळं कार्ड, घडीवर फाटलेलं, चिकटपट्टीनं जोडलेलं. देवाचा अंगारा जपावा तसं जपलेलं. "वाचा," त्या म्हणाल्या. "तुमच्यातल्याच कुणा डॉक्टरणीनं लिवलंय."

*बाळ जन्मताच रडले. रंग गुलाबी. अंगावरचे दूध ओढते. वजन २.७.*

खाली सही होती. अ. डोईफोडे.

डोईफोडे आडनावाच्या किती डॉक्टरणी असतील महाराष्ट्रात? मी ती सही पुन्हा वाचली. परीक्षेत नावाची पट्टी काढून ठेवायची असते, म्हणून माझ्या कोटावर नाव नव्हतं. नाहीतर प्रयागबाईंनी केव्हाच जुळवलं असतं, त्यांना अक्षरओळख होती.

त्या ग्रामीण रुग्णालयात मी इंटर्न होते, शेवटचे तीन महिने. रोज चार-पाच बाळंतपणं आणि प्रत्येकाला कार्ड. मग आमच्याआधीच्या इंटर्ननी एक युक्ती काढली होती आणि ती आम्हाला वारशानं मिळाली होती. दुपारी काम नसलं की वीस-वीस कार्डं आधीच भरून ठेवायची. बाळ जन्मताच रडले, रंग गुलाबी, दूध ओढते, खाली सही. नाव, तारीख आणि वजन तेवढं रिकामं. बहुतेक बाळं जन्मताच रडतातच. ज्या दिवशी एखादं रडायचं नाही त्या दिवशी नवीन कार्ड घ्यायचं असतं. हे सगळ्यांना ठाऊक होतं आणि ते कुणी करत नव्हतं.

कार्डावरच्या तारखेची ती दुपार मला आठवत होती. आठवायला नको होती, पण आठवत होती. मेडिकल ऑफिसर मीटिंगला गेलेले. टेबलावर एक हडकुळी मुलगी, चेहरा सुजलेला. बाळ आलं ते निळं आणि लिबलिबीत. सिस्टरनं पाठ चोळली, तळव्यांवर टिचक्या मारल्या, मग तोंडावर मास्क ठेवून फुगा दाबायला सुरुवात केली. मी शेजारी उभी राहून छातीचे ठोके मोजत होते आणि भिंतीवरच्या घड्याळाकडे बघत होते. आठ मिनिटांनी त्यानं पहिला श्वास घेतला. रडणं नाहीच, नुसती एक उचकी. टेबलावरची मुलगी विचारत होती, "रडत का न्हाई ओ?" सिस्टर म्हणाली, "रडलं की. तुला ऐकू नाही आलं." आणि माझ्याकडे बघून हळूच म्हणाली, "पुढं पाठवलं तर आपल्याच अंगावर येईल. आता घेतोय ना श्वास?"

तिसऱ्या दिवशी सुटी देताना मी गठ्ठ्यातलं वरचं कार्ड उचललं. नाव लिहिलं, तारीख लिहिली, वजन लिहिलं. बाकी आधीच लिहिलेलं होतं. माझी रडण्याची व्याख्या इतकी सैल झाली होती की हात थांबलासुद्धा नाही.

"काय झालं ओ?" प्रयागबाईंनी विचारलं. "बराबर हाय न्हवं?"

पडदा बाजूला झाला आणि देखरेखीवरच्या लेक्चरर मॅडम डोकावल्या. "वीस मिनिटं राहिली. तुमचा चेहरा असा का झालाय? केस ओळखीची आहे का? असली तर आत्ताच सांगा, बदलून देऊ. नंतर चालणार नाही."

दार उघडं होतं. नियमच होता तो, पाहिलेली केस घ्यायची नाही. मी 'हो' म्हटलं असतं तर मला दुसरं मूल मिळालं असतं, पलीकडच्या खणातलं, साधं दम्याचं किंवा काविळीचं. पण 'हो' म्हटल्यावर त्या विचारणार, कुठे पाहिलीत? आणि माझी सही तर माझ्याच हातात होती.

"नाही मॅडम," मी म्हटलं. "ओळखीची नाही."

पडदा पडला. आतापर्यंत मी फक्त निष्काळजी होते, आता खोटारडीही झाले. धरलं तर चावतं, सोडलं तर पळतं, अशी गत.

मी दैवशालाकडे वळले. ती सांगेल, ही एकच आशा होती. आईनं म्हटलं की रडलं नाही, तर मी आईच्या तोंडचं लिहू शकत होते. कार्ड कुणी लिहिलं हा प्रश्नच आला नसता. किती सोयीस्कर विचार होता! माझी चूक तिनं बोलून दाखवावी आणि मी ती सुवाच्य अक्षरात उतरवून घ्यावी.

"मावशी, तुम्ही जरा बाहेर थांबता का? मला ह्यांना एकटीला काही विचारायचंय."

"इचारा की. मी काय वाघ हाय का?" प्रयागबाई हलल्या नाहीत. "माझ्या नातवाचं हाय, मीबी ऐकते."

मी आवाज खाली आणला. "दैवशाला, नीट आठवा. बाळ झाल्यावर तुम्हाला रडणं ऐकू आलं होतं?"

तिनं सासूकडे पाहिलं, मग कार्डाकडे. "रडलं आसंल."

"'असेल' नको. तुम्ही ऐकलंत का?"

"कार्डात हाय न्हवं, मॅडम."

"कार्ड राहू द्या."

"कार्ड कसं राहू द्यावं?" ती म्हणाली, आणि तिच्या आवाजात मला राग नाही, नुसता थकवा ऐकू आला. "समदे डॉक्टर कार्डच बघतेत. मी आडाणी. मला ऐकू आलं का न्हाई, ह्याला कोण पुसतं?"

उरलेल्या वेळात मी मुलाला तपासलं. त्याला काखेत धरून उचललं तर दोन्ही पाय कात्रीसारखे एकमेकांवर चढले. गुडघ्यावर हातोडी टेकायचा अवकाश, पाय उसळला. डोक्याचा घेर कमी भरला. सगळं एकाच गोष्टीकडे बोट दाखवत होतं. तो मात्र माझ्या गळ्यातल्या स्टेथोस्कोपकडे बघून खुदकन हसला. मला त्या क्षणी पळून जावंसं वाटलं, आणि जायला फट नव्हती.

परीक्षक आले. गांधलीकर मॅडम आणि बाहेरगावहून आलेले डॉ. नाफडे, उंच, पांढऱ्या भुवयांचे, तुमचं वाक्य पूर्ण व्हायच्या आत पुढचा प्रश्न विचारणारे. मी उभी राहून सांगायला लागले. सणांचे महिने केले, महिन्यांचा उशीर दाखवला, तपासणी सांगितली. इथवर बरं चाललं होतं.

"निदान?"

"जन्माच्या वेळी मेंदूला प्राणवायू कमी पडल्यामुळे झालेली इजा, सर. सेरेब्रल पाल्सी."

"जन्माच्या वेळी?" नाफडे सरांनी माझ्या हातातून कार्ड घेतलं. "इथं तर स्वच्छ लिहिलंय, बाळ जन्मताच रडले. गुलाबी रंग. दूध ओढतंय."

"कार्ड चुकीचं असू शकतं, सर."

"असू शकतं! उद्या जन्मतारीखही चुकीची असू शकेल. आईला विचारलंत?"

"विचारलं."

"आमच्यासमोर विचारा."

मी विचारलं. दैवशालानं मूल छातीशी धरलं. तिच्या भोवती आता आम्ही चौघं होतो, तिघं कोटवाले आणि एक सासू. ती म्हणाली, "रडलं व्हतं, सर."

गांधलीकर मॅडमनी पेनाचं टोपण लावलं. "अस्मिता, जूनमध्येही हेच. आधी निदान, मग हिस्ट्री."

"आणि ही पडल्याची हिस्ट्री तुम्ही एका ओळीत उडवलीत," नाफडे सर माझा कागद वाचत म्हणाले. "सव्वा महिन्याचं मूल, उंचावरून पडलेलं, जन्म अगदी नॉर्मल. मग मेंदूला इजा कशानं झाली असेल? सांगा ना. डोक्याच्या मारानं, नाही का?"

त्यांना मला फक्त पेचात पकडायचं होतं. परीक्षकांचा तो धंदाच असतो. पण प्रयागबाई स्टुलावरून उठल्या आणि त्यांनी सुनेकडे असं पाहिलं की जणू कोर्टाचा निकाल हाती पडला. "ऐकलंस? मोठे डॉक्टरबी तेच म्हणतेत. झालं आता. आज फोन करते तुझ्या मायला, घेऊन जा म्हणावं तुझ्या लेकीला, त्या भावासंगट राहू दे."

दैवशालानं नुसती मान हलवली, बरं म्हटल्यासारखी. तिनं ती मान हलवली नसती तर मी कदाचित गप्प बसले असते. मला स्वतःबद्दल फार चांगलं बोलायची हौस नाही.

"सर, कार्ड खोटं आहे," मी म्हटलं. "ते मी लिहिलंय."

"काय?"

"सही माझी आहे. अ. डोईफोडे. मी तिथे इंटर्न होते. बाळ रडलं नव्हतं. कार्डं आम्ही आधीच भरून ठेवायचो."

गांधलीकर मॅडमनी पेनाचं टोपण पुन्हा काढलं. नाफडे सरांनी कार्ड चष्म्याजवळ नेलं, माझ्या कागदावरचं अक्षर पाहिलं आणि दोन्ही खाटेवर शेजारी शेजारी ठेवले. "तुम्हाला केस ओळखीची आहे का, असं विचारलं नव्हतं कुणी?"

"विचारलं होतं. मी नाही म्हटलं."

"मग ही परीक्षा संपली," ते म्हणाले. रागानं नाही, पण संपली हे नक्की. मी तिसऱ्या खेपेला पास झाले, तो भाग वेगळा.

ते जायला वळले, तेवढ्यात दैवशाला बोलली. माझ्याशी.

"किती येळ?"

"काय?"

"किती येळ न्हाई रडला?"

"आठ मिनिटं श्वासच नव्हता. मी घड्याळात मोजली. त्यानंतरही रडला नाही, उचकी दिली फक्त."

"म्या इचारलं व्हतं का तवा? का मी बेसूद व्हते?"

"शुद्धीत होतात. दोनदा विचारलंत, रडत का नाही म्हणून."

"अन् तुमी काय म्हणलात?"

"मी काही बोलले नाही. सिस्टर म्हणाल्या, रडलं, तुला ऐकू आलं नाही."

तिनं मुलाला मांडीवरून खाटेवर ठेवलं. मला वाटलं, आता ही माझ्या तोंडात मारेल. मारली असती तर बरं झालं असतं.

"मला वाटलं, मलाच ऐकू आलं न्हाई," ती म्हणाली. "पावणेतीन वरसं मी तेच धरून बसले, मॅडम. आत्या म्हणायच्या, पोटच्या लेकराचं पैलं रडणं जिला ऐकू येत न्हाई ती कसली आई. मला पटलं व्हतं ते."

प्रयागबाई पुन्हा स्टुलावर बसल्या.

"आत्या, फोन द्या," दैवशाला म्हणाली.

"कुणाला करतीस?"

"द्या."

प्रयागबाईंनी कमरेच्या पिशवीतून मोबाइल काढून दिला. सुनेनं मागितलं आणि सासूनं दिलं, हे त्या घरात किती दिवसांनी घडत होतं देव जाणे. दैवशालानं न थांबता दहा आकडे दाबले. दोन वर्षांत एकदाही न लावलेला नंबर तिच्या बोटांना पाठ होता.

"भानुदास? ताई बोलतीय. ... सुदू बरा हाय, रडू नको. हितं एक डॉक्टरीण हाय, ती सांगती ते ऐक. समदं ऐक."

तिनं फोन माझ्या हातात दिला. नाफडे सर पडद्याशी थांबले होते. मी माझं नाव सांगितलं, पूर्ण, आडनावासकट. मग बाळ निळं आलं तिथपासून सुरुवात केली, आणि कार्डापर्यंत आले. पलीकडून नुसता श्वास ऐकू येत होता, मोठ्या माणसाचा, रडू दाबल्यासारखा.

"म्हंजे माझ्या हातून न्हाई झालं?" त्यानं विचारलं.

"नाही."

"मी पाडला व्हता ओ त्याला, डॉक्टर. बाजेवरून."

"त्यानं काही झालेलं नाही. आधीच झालं होतं. माझ्यासमोर झालं होतं."

"माझ्या हातून न्हाई?"

"नाही, भानुदास. तुमच्या हातून नाही."

त्यानं तेच आणखी एकदा विचारलं, आणि मी आणखी एकदा उत्तर दिलं.